मोहाच्या झाडाखालची रेंज

फोन आमच्या घरात आला तेव्हा त्याच्या खोक्यालाही मोहफुलांचा वास होता. मोठाईनं तो सिंदेवाहीहून आणला, टोपलीत मीठ-मिरची आणि सुकटीच्या पुड्यांखाली दडवून, एसटीत कुणी पाहू नये म्हणून. मोठाई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा मी पाहिलेच नाहीत. तिला मूलबाळ नव्हतं, आणि माझी माय दिवसभर दुसऱ्यांच्या धानात वाकलेली असायची, त्यामुळे मी वाढले ती मोठाईच्याच हातचं खाऊन आणि तिच्याच शिव्या ऐकून. दोन हंगाम वेचलेला, वाळवलेला मोह विकून तिनं तो फोन घेतला होता. घरात कुणाला विचारलं नव्हतं. बाबांनी खोकं उलटंपालटं करून विचारलं, "वैनी, हे काय करून बसल्या?" मोठाई पाय धूत होती. "शाळा हाय ते," ती म्हणाली. "शाळेले कुलूप लागलं ना? मंग शाळाच आणली घरी. पोरगी बारावीत हाय, का गोवऱ्या थापाले बसवू तिले?" बाबांनी खोकं खाली ठेवलं. मोठाईपुढे बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

साथीचं वर्ष होतं ते. फोन ठेवायला फळी ठरली ती भिंतीवरच्या दोन तसबिरींच्या खालची. मोठाईनं तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. संध्याकाळी विहारातल्या भोंग्यावर वंदना सुरू झाली की ती हात जोडून उभी राहायची, आणि वंदना संपली की त्याच हातानं मला खूण करायची, आता दाखव. तिला वाचता येत नव्हतं. तिला हवा असायचा समुद्र. आम्ही जास्तीत जास्त पाणी पाहिलं ते गावच्या तलावाचं, आणि तिला कुणीतरी सांगितलं होतं की समुद्राचा दुसरा काठ दिसत नाही. मी शोधून द्यायची, ती डोळ्यांपासून हातभर लांब धरून बघत बसायची. "याच्या पल्याड कोण राह्यते वो?" दर वेळी हाच प्रश्न. मध्येच साबणाची जाहिरात आली की चिडायची, "या बाईले काऊन एवढी घाई? पुरं पाहू तं दे!" मी हसायची. मग हळूहळू हसणं कमी झालं, कारण ती समुद्र बघत असेल तेवढा वेळ फोन माझ्या हातात नसायचा. मी तिला सांगू लागले की चार्जिंग नाही. ती निमूट फोन रुमालावर ठेवायची. चार्जिंग असायचं.

माझ्या विद्यार्थिदशेचं कुणी फार कौतुक करू लागलं की मला ते खोटं चार्जिंग आठवतं. लोकांना वाटतं, जंगलातल्या खेड्यातली पोर, फोनवर शिकून नर्स झाली, वा! वर्तमानपत्रात छापायला बरं दिसतं. खरं सांगायचं तर त्या वर्षभरात मी शिकले थोडं आणि बघितलं भाराभर. सकाळी डोळे उघडले की हात फळीकडे. पाणी भरायला गेले तरी कमरेला फोन, चुलीपुढे बसले तरी गुडघ्यावर फोन. जेवायला लाखोरीचं वरण, भात, अंबाडीची भाजी, कधी सुकट. मोठाई वरणाला लसणाची फोडणी द्यायची तेव्हा अख्ख्या सपरीला, पडवीभर, वास सुटायचा, आणि मी त्या वर्षी काय खाल्लं ते मला एका दिवसाचंही आठवत नाही. माय म्हणायची, "घास तोंडात चालला का नाकात, तेही पाह्यत नाई हे पोट्टी." मोठाई माझी बाजू घ्यायची. "अभ्यास करून राह्यली ते." तिला पडद्यावरची आकृती आणि पडद्यावरची नाचणारी पोरगी यांतला फरक कळत नव्हता असं मी समजत होते. आता वाटतं, कळत असावा.

शाळा म्हणजे एक ग्रुप होता. मास्तर पुस्तकाच्या पानांचे फोटो टाकायचे, वाकडे, अंगठ्यासकट. आम्ही वहीतल्या उत्तरांचे फोटो परत टाकायचे. मास्तर अंगठ्याचं चित्र पाठवायचे. एवढ्यावर बारावी पार पडायची होती. घरात रेंज यायची-जायची, धड मिळायची ती फक्त पाण्याच्या टाकीजवळ, म्हणून टाकीच्या ओट्यावर दिवसभर पोरं चिकटलेली. पोरी एका कडेला. त्यात माझी मैत्रीण रंजू. रंजू गोंडांच्या टोलीवरची, माझ्याहून हुशार. मी पाच वेळा पाठ करायचे ते ती एकदा वाचून सांगायची. तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. तिच्या भावाचा होता, आणि तो सकाळी उशिरापर्यंत झोपायचा, तेवढा वेळ तिचा. आम्हा दोघींना नर्सिंगला जायचं होतं. कुणी सांगितलं होतं असं नाही. गावात येणारी नर्सबाई स्कूटीवर यायची आणि पुरुष तिच्यापुढे बनियनच्या वर शर्ट घालून यायचे, एवढं आम्हाला पुरेसं होतं.

आणि मग तो सर सापडला. कुठल्या तरी लांबच्या शहरातून तो रोज सकाळी साडेसहाला जीवशास्त्र शिकवायचा, फुकट, लाइव्ह. हजारो पोरं एका वेळी बघायची. शिकवायचा चांगला, ते नाकारत नाही. पण त्याची खरी करामत वेगळी होती. तो मध्येच प्रश्न विचारायचा, आम्ही खाली उत्तर टाइप करायचं, आणि जे आधी बरोबर लिहितील त्यांची नावं तो मोठ्यानं वाचायचा. अमुक, नाशिकहून, शाब्बास. तमुक, लातूरहून, शाब्बास. बस, एवढंच. पण आमच्या वर्गात मास्तरांनी कधी माझं नाव धड उच्चारलं नव्हतं. संघमित्रा म्हणायला त्यांची जीभ वळायची नाही, हजेरीत ते माझा नंबरच पुकारायचे. घरी मी मितरा होते. माझं पूर्ण नाव कुणीतरी हजारो पोरांत मोठ्यानं घ्यावं, या एका गोष्टीसाठी मी झुरायला लागले. रेंज दोन क्षण मागं पडायची, तोवर लातूरकर उत्तर देऊन मोकळे. रंजूचं नाव एकदा आलं. त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही.

होळीच्या सुमारास मोह गळायला लागला. ज्यांनी मोह वेचला नाही त्यांना सांगायला हवं की हे काम पहाटेचंच. रात्रभर गळलेली फुलं ऊन चढायच्या आत उचलावी लागतात, नाहीतर ढोरं, माकडं आणि बाकीची जनावरं उचलतात. झाडं ठरलेली असतात, कुणाचं कोणतं ते सगळ्यांना माहीत. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन लख्ख करायची आणि टोपली घेऊन वाकायचं. वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही, आमच्याकडची निम्मी संकटं यातूनच येतात. म्हणून एक रीत होती. जंगलात नाव घ्यायचं नाही. वाघाचं नाही आणि आपल्या माणसाचंही नाही. का, ते कुणी सांगत नसे. नावाऐवजी कू. पहिल्या झाडाखालच्या बाईनं टोपलीचं बूड झाकलं की "कूऽऽ" करायचं, दुसरीनं "ओऽऽ" द्यायची. मग दुसरीची कू, तिसरीची ओ. अशी ती हाक झाडाझाडावरून फिरून परत पहिलीकडे यायची, सकाळभर. तीन कू झाल्या आणि ओ आली नाही, तर सगळ्यांनी टोपल्या टाकायच्या, एका जागी जमायचं, रिकामा डबा बडवत, आरडाओरडा करत, मिळून बघायला जायचं. एकटीनं नाही. मला ही रीत चालायला लागल्यापासून माहीत होती. मला ओ द्यायला मोठाईनंच शिकवलं होतं, मी एवढीशी असताना, तोंडाशी दोन्ही हात धरून.

आमची चार झाडं होती. तीन जवळजवळ, नाल्याच्या अलीकडे. चौथं नाल्यापलीकडच्या टेकाडावर, एकटं, मधे करवंदाची दाट जाळी. ते झाड बाबा वेचायचे. त्या वर्षी मी म्हटलं, मी वेचते. सगळ्यांना कौतुक वाटलं. कारण एवढंच होतं की त्या टेकाडावर रेंज यायची. टाकीपाशी यायची त्याहून चांगली, चार काड्या. बाबा मिलमध्ये कामावर जायला मोकळे झाले. मी खोडाला टेकून बसायची, फोन फांदीच्या बेचक्यात, कानात वायर, आणि एका हातानं आजूबाजूची फुलं गोळा करायची. साडेसहाला सर. कू आली की ओ द्यायची, पण वायरीतून सरचा आवाज आणि बाहेरून कू, एक कान इकडे, एक कान तिकडे, असं दोनतीन दिवस झालं. मग ओ उशिरा जायला लागली. कधी दुसऱ्या कूला, कधी तिसऱ्या. एकदा तीनही चुकल्या आणि माय, मोठाई, शेजारच्या दोघीतिघी डबा बडवत धावत आल्या, तर मी खोडाला टेकून वहीत काहीतरी लिहिते आहे. माय मारायलाच धावली. शेजारणी हसून परतल्या. मोठाई तेवढी मागं राहिली. माझ्या टोपलीत मूठभरच फुलं होती, ती तिनं आपल्या टोपलीतल्या फुलांनी भरली, म्हणजे घरी बाबा काही म्हणणार नाहीत. "ओ देत जा वो मितरे," ती म्हणाली. "जीव खालीवर होते माह्या. बाकी काई नाई केलं तं चालते, ओ देत जा."

मी "हो" म्हटलं. त्या "हो"ला किती अर्थ होता ते पुढच्याच आठवड्यात कळलं. कारण त्या दिवसापासून एक वाईट गोष्ट झाली होती, जी आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नाही. माझी ओ आली नाही तर कुणी घाबरेनासं झालं. पोरगी अभ्यास करून राह्यली, एवढंच. तीन कूंचा धाक मी एकटीनं मोडून टाकला होता, आणि तो किती पिढ्यांनी बांधला होता कोण जाणे.

त्या सकाळी सरनं हृदयाचं प्रकरण घेतलं होतं. माझं पाठ होतं. त्यानं प्रश्न विचारला आणि मी उत्तर टाकलं, इतक्या पटकन की माझा मलाच विश्वास बसेना. सर म्हणाला, "चला, बघू या कोण कोण..." आणि पडद्यावर रेंज गेल्याचा तो गोल फिरायला लागला. सर तोंड उघडं ठेवून थांबलेला. मी फोन उंच धरला, उजवीकडे धरला, डावीकडे धरला. गोल फिरतोच आहे. आणि त्या शांततेत मला हाक ऐकू आली. कू नव्हती ती. कू होऊन गेल्या असाव्यात, त्या मी ऐकल्या नव्हत्या. ही माझ्या नावाची हाक होती. "मितराऽऽ! ए मितरेऽऽ!" मोठाईनं जंगलात माझं नाव घेतलं होतं. आवाज नाल्याकडून येत होता, म्हणजे ती झाड सोडून निघाली होती.

मला राग आला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून नीट लिहिते. मला भीती वाटली नाही, काळजी वाटली नाही. मला राग आला की आत्ताच हिला ओरडायचं होतं. एक ओ द्यायला किती लागतं? तोंड उघडलं की झालं. मी दिली नाही. दिली असती तर ती तिथूनच "बरं" म्हणून मागं फिरली असती. पण मला वाटलं, ओ दिली की ही बोलत बसेल, काम विचारेल, आणि सर नाव घेईल ते निसटेल. रंजू त्याच वेळी टाकीपाशी बसून तोच वर्ग बघत असणार, म्हणून मी तिला लिहिलं. ते शब्द मला पाठ आहेत. "इथी अटकलं. सरनं माह्यं नाव घेतलं का सांग लवकर. मोठाई हाका मारून राह्यली, मी ओ नाई देत." पाठवलं. शेजारी घड्याळाचं चिन्ह आलं, म्हणजे गेलं नव्हतं. मग गोल थांबला, सर पुन्हा बोलू लागला, नावं संपली होती, तो पुढच्या प्रश्नावर होता. मी वायर कानात आणखी घट्ट दाबली.

डब्याचा आवाज वायरीतूनही ऐकू आला, एवढ्या जोरात माय तो बडवत होती. मी टेकाडावरून खाली पळाले तर वाटेवर मोहफुलं सांडलेली. आधी चार, मग ओंजळभर, मग टोपलीच आडवी. माझ्यासाठी आणत होती ती, माझी टोपली भरायला. करवंदाच्या जाळीजवळ शेजारच्या बायांनी मला धरलं आणि पुढे जाऊ दिलं नाही. मी मोठाईला परत पाहिलं ते झाकलेलं.

दुपारी जंगलखात्याची माणसं आली, पोलीस आले, अख्खा गाव आला. वनरक्षकानं वही काढून विचारलं, "तुम्हाला हाक ऐकू आली नाही का?" सगळे माझ्याकडे बघत होते. मायही. मी म्हटलं, "कानात वायर होती." वायर होतीच. त्यानं लिहून घेतलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते रडायला लागले. त्या एका वाक्यानं मी सुटले. कानात वायर असली की पोरीचा काय दोष? दोष वायरीचा.

मोठाईला माती द्यायच्या आधी तिचा फोटो तालुक्यात पोचला होता. गावातल्याच पोरांनी काढला, झाकायच्या आधीचा. व्हिडिओही होता, त्यात मायचं रडणं, आणि कुणाचा तरी आवाज, "सरक ना थोडा, दिसून नाई राह्यलं." संध्याकाळपर्यंत तो बातमीवाल्यांच्या पानांवर चढला. मोबाइलच्या नादात पुतणी दंग, काकूचा बळी. खाली लोकांनी लिहिलं होतं. हे लोक जंगलात जातातच कशाला. वाघाला त्रास देता मग तो काय करणार. आजकालच्या पोरी. एकानं हात जोडल्याचं चित्र टाकून पुढे आपल्या दुकानाची जाहिरात केली होती. जिनं समुद्र बघायला फोन मागितला आणि ज्या फोनवर तिला समुद्र मिळाला नाही, ती त्या रात्रीपर्यंत हजारो फोनांत जाऊन बसली. मी नर्स म्हणून इतकी मरणं पाहिली, तरी वॉर्डात आजही कुणी पेशंटवर फोन रोखला की माझा तोल जातो. नव्या पोरी म्हणतात, सिस्टर फार कडक आहेत. असू दे.

माझा फोन पोलिसांनी चौकशीला नेला होता, पण त्याचं लॉक मला कुणी विचारलं नव्हतं; तो तिसऱ्या दिवशी बाबांनी आणला आणि त्याच फळीवर ठेवला, त्याच रुमालावर. घरात कुणी नसताना मी तो उघडला. रंजूला पाठवलेल्या ओळींशेजारी दोन निळ्या खुणा होत्या. गेलं होतं, अडकलेलं ते मी पळत होते तेव्हाच बहुधा सुटलं होतं. वाचलं होतं. खाली तिचं उत्तरही होतं, त्याच सकाळचं, तिला काहीच माहीत नसतानाचं. ते काय होतं ते मला इथं लिहवत नाही. लिहीन, पण आत्ता नाही.

त्याच संध्याकाळी विहारासमोर बैठक बसली. गाव हादरलेलं होतं आणि हादरलेल्या गावाला काहीतरी करायचं असतं. वाघाला काही करता येत नव्हतं, जंगलखात्याला काही करता येत नव्हतं. मोह वेचणं सोडता येत नव्हतं. राहता राहिला फोन. म्हातारे एकेक करून बोलले, डोळ्यांत पाणी आणून बोलले, आणि ठरलं की शिकणाऱ्या पोरींच्या हातात फोन द्यायचा नाही. पोरांचं कुणी काढलं नाही. ज्यांनी मोठाईचा फोटो गावभर फिरवला ते मागं पारावर बसून बैठकीचाही व्हिडिओ घेत होते. पोरी दोन्ही वस्त्यांतून बोलावल्या होत्या. सात पोरी. ज्यांच्याकडे भावाचा, बापाचा जो काही फोन होता, तो तिथंच त्यांच्याकडून घेऊन घरच्या पुरुषांकडे दिला. रंजूचा भाऊ समोरच उभा होता. त्यानं हात पुढे केला. रंजूनं फोन दिला, आणि माझ्याकडे पाहिलं.

मला पुढे होऊन एवढंच म्हणायचं होतं, की फोनचा दोष नाही, मला ऐकू आलं होतं. सात पोरींचं शिक्षण त्या एका वाक्यावर होतं. मी मायच्या पदराआड बसले होते. रंजूच्या त्या फोनमध्ये माझ्या हाताचं लिहिलेलं होतं. तिनं तो नुसता उघडून कुणाच्या हातात दिला असता तरी भागलं असतं. तिनं नाही दिला. मी खाली बघितलं. एक म्हातारे म्हणाले, "हे पोरगी अजून शुद्धीवर नाई, तिले घरी न्या," आणि मला घरी नेलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही. गावात मला ठेवणं बाबांना सोसेना. त्यांनी मला गडचिरोलीला मावशीकडे पाठवलं. मावशीकडे फोन होता, रेंज होती, क्लास होता. दया येऊन लोक मदत करायचे. सरनं त्या सकाळी नाव घेतलं होतं की नाही, हे बघायला मी तो वर्ग नंतर कितीदा शोधला आणि उघडायच्या आधीच बंद केला. मी पास झाले, नर्सिंगला लागले. ज्या गोष्टीसाठी सात पोरींचे फोन गेले, ती करणारी मी एकटीच फोन घेऊन पुढे गेले. रंजू बारावीला बसली नाही. दुसऱ्या वर्षी तिचं लग्न आलापल्लीकडे करून दिलं. मला लग्नाचं बोलावणं होतं. परीक्षा आहे म्हणून मी गेले नाही. परीक्षा नव्हती.

मग काही वर्षांनी ती माझ्या वॉर्डात आली, लेकीला घेऊन. लेकीला ताप होता. रंजू वाळली होती, पण केस तसेच, दाट. मी सलाइन लावलं, तिनं पोरीचा हात धरला, आणि आम्ही हवापाण्याचं बोललो. पोरगी तीन वर्षांची आहे म्हणाली, मोठी झाली की तिला तिचा स्वतःचा फोन घेऊन देणार म्हणाली. ताप उतरला त्या दुपारी मी तिला चहाला बाहेर नेलं. टपरीच्या बाकड्यावर बसल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, "रंजू, तू तवा सांगितलं काऊन नाई? तुह्याजवळ तं लिहिलेलं होतं."

ती बशीत चहा ओतत होती. "काय सांगू? तुही मोठाई मेली होती ना वो," ती म्हणाली. "त्या दिवशी तुले अजून काय मारू?"

"तुह्यं शिक्षण गेलं."

"गेलं." तिनं चहा संपवला. बशी खाली ठेवली. "मी वाट पाह्यली तुही. बैठकीत पाह्यली, मंग लग्नापर्यंत पाह्यली. वाटलं, आज बोलंन, उद्या बोलंन. मंग सोडून देल्लं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी म्हणता आलं असतं. तिनं विचारलं, "नंबर तोच हाय का?" मी म्हटलं, "तोच." ती मान हलवून उठली, पोरगी एकटी आहे म्हणून.

मी गावी जाते तेव्हा माय अजूनही मोहाला जाते. चौथं झाड आता कुणी वेचत नाही. गावात टॉवर झाला आहे, सगळीकडे रेंज आहे. बैठकीचा ठराव कधीच विरघळला, पोरींच्या हातात फोन आहेत, आणि त्यांनी ते वापरू नयेत असं मी कुठल्या तोंडानं सांगू? माय वेचायला वाकते आणि थोड्या थोड्या वेळानं कू करते. मी शेजारच्या झाडाखाली असले की ओ देते, पहिल्या कूला, घसा फाटेस्तोवर. माय एकदा म्हणाली, "एवढी काऊन बोंबलते, मी काय बहिरी हाओ?"

फोन मी दोनतीन बदलले. दर वेळी दुकानातला विचारतो, जुनं सगळं ठेवायचं का काढून टाकायचं. मी ठेवायला सांगते. रंजूचं आणि माझं बोलणं तिथंच थांबलेलं आहे, त्या सकाळी. शेवटचं वाक्य तिचं आहे, आणि त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. लिहायचं म्हणाले होते, तर लिहिते.

"घेतलं ना! दुसरं नाव तुहंच होतं, पुरं संघमित्रा म्हणे. आता ओ दे तिले."